डोंगरावरून आलेला वळू

मी तेरा वर्षांची झाले तेव्हापासून अप्पांचा कामाचा शर्ट आमच्या घराच्या उंबऱ्याआत कधी आला नाही. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर होतं, लांबट, एकामागे एक खोल्या असलेलं. मागच्या अंगणाला बोळातून उघडणारं वेगळं दार होतं. संध्याकाळी तिरुवैयारूच्या बसमधून उतरले की अप्पा पुढच्या दाराशी न येता बोळातून वळसा घालून त्या दाराने आत यायचे. विहिरीपाशी अम्माने पाण्याची बादली आणि धुतलेली वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं धोतर, ठेवलेली असायची. शर्ट ते अंगणातल्या खुंटीला लावायचे, डोक्यावरून अंघोळ करायचे, कपाळाला गंध लावायचे आणि मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहायचे. अम्मा मान वर न करता म्हणायची, "पान वाढलंय." शेजाऱ्यांना वाटे, गुरांचे डॉक्टर आहेत, दिवसभर शेणामुतात हात, म्हणून एवढी स्वच्छता. खरं कारण अम्माला ठाऊक होतं, अप्पांना ठाऊक होतं, आणि मलाही कळलं होतं.

'मला' हा शब्द आत्ता मी सहज लिहिला, पण तो मी फार उशिरा शिकले. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या मराठी घरात 'मज' आणि 'तुज' होतं. वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि तमिळच्या चालीत संपायचं, मधल्या अर्ध्या वस्तूंची नावं तमिळ असायची. देवनागरी अक्षरं आमच्या घरात फक्त अप्पांना येत होती, तीही अडखळत. मी लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. नवऱ्याच्या धाकट्या बहिणीच्या शाळेच्या पुस्तकातून मी मराठी वाचायला शिकले. आता हे सगळं इकडच्या मराठीत लिहिताना अप्पा-अम्मांच्या तोंडची वाक्यं मला जशी ऐकू येतात तशीच ठेवते आहे. ती सुधारून लिहिली तर माणसंच दुसरी वाटायला लागतात.

अप्पा कावेरीपलीकडच्या एका सरकारी पैदास फार्मवर होते. तिथे आमच्या त्रिभुज प्रदेशातली उंबळाचेरी गुरं ठेवलेली होती. ही गुरं अंगाने लहान, करड्या रंगाची, कपाळावर पांढरा चांद आणि पायांत पांढरे मोजे घातल्यासारखी. वासरू जन्मतं तांबडं आणि सहा-सात महिन्यांत करडं होतं. लहानपणी मला ती जादूच वाटायची. गुडघाभर चिखलाच्या भातखाचरात ही जनावरं दिवसभर चालतात, नुसत्या पेंढ्यावर जगतात, उन्हाने धापा टाकत नाहीत. पण तोवर गावोगाव ट्रॅक्टर येऊ लागले होते आणि बैलांचं काम संपत चाललं होतं. गोऱ्हा झाला की शेतकऱ्याचा चेहरा पडायचा. "काम संपलं की जनावर कोणी ठेवीत नाही, सरस," अप्पा मला सांगायचे. "गोऱ्हे कोणास नको झाले की गाय कोण पाळणार? मग ही जातच उरणार नाही." त्यावर त्यांनी काढलेला उपाय असा, की याच गुरांतली रुंद पाठीची, लवकर अंग धरणारी निवडायची आणि त्यांचीच पैदास पुढे न्यायची. गोऱ्हा दोन-अडीच वर्षांत भरला की खाटकाकडे त्याला किंमत येईल आणि त्या आशेवर माणसं गाय दारात ठेवतील. थोडक्यात, आपल्या मातीतलं जनावर मांसासाठी वाढवायचं, म्हणजे ते टिकेल. नातेवाइकांना आम्ही यातलं पहिलं अर्धं सांगायचो.

दुसरं अर्धं अम्मालाही ठाऊक नव्हतं. ते तिला काशीम रावुत्तर यांच्याकडून कळलं. शहरातले जुने मांसविक्रेते, साठीचे, पांढरी दाढी, अतिशय हळू बोलणारे. अप्पा त्यांना फार्मवर बोलावायचे, कारण जिवंत जनावराच्या पाठीवर बोटं दाबून आत मांस किती आणि हाड किती हे ते सांगू शकत. पुस्तकात ते शिकवलेलं नाही, असं अप्पा म्हणत. एका सकाळी ते आंब्यांची पिशवी घेऊन आमच्या पुढच्या पायरीशी आले. अप्पा कामावर गेले होते. रावुत्तर वर चढले नाहीत, खालीच उभे राहिले. अम्माने त्यांना पितळी पेल्यात ताक दिलं. ते पिऊन त्यांनी पेला स्वतः गल्लीतल्या नळाखाली विसळला आणि पायरीवर उपडा ठेवला.

"अम्मा," ते म्हणाले, "तुमच्या यजमानांचे आमच्या धंद्यावर उपकार आहेत. वीस वर्षांनी या भागात चांगलं मांस मिळेल ते त्यांच्यामुळे."

त्यांनी ते मनापासून, कौतुकानेच म्हटलं होतं. ते गेल्यावर अम्मा दार लावून खाली बसली. चुलीवर सांबार उकळत होतं, ते उतू जाऊन चूल विझली तरी ती उठली नाही. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. ते आंबे बाहेर नेऊन दे कोणास तरी." त्या संध्याकाळपासून बादली आणि वेष्टी विहिरीपाशी गेली.

अम्मा भांडली असती तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं. ती भांडली नाही. अप्पांना आवडणारं उडदाच्या पिठाचं डांगर ती करायची, ताकातल्या सुकवलेल्या मिरच्या तळायची, ऊन भात वाढायची, पण त्यांचं जेवण होऊन पान उचललं गेल्याशिवाय स्वतः जेवायला बसायची नाही. दर शुक्रवारी हादग्याच्या पाल्याची जुडी, आम्ही त्याला अगत्ती म्हणतो, ती विकत घेऊन गल्लीतल्या गाईला घालायची. पूर्वी एक जुडी घालायची, आता दोन घालू लागली. अप्पा ते पाहायचे. एकदाच ते म्हणाले, "ती गाय तुज आवडते ना? ती आहे कारण कोणाच्या तरी ती कामाची आहे." अम्मा म्हणाली, "मज आवडते म्हणून ती असावी, एवढं पुरे नाही का?" अप्पा हात धुवायला विहिरीकडे गेले. आमच्या शेजारी वीणा करणाऱ्यांचं घर होतं. फणसाच्या लाकडावर चालणाऱ्या त्यांच्या छिन्नीची टकटक संध्याकाळभर ऐकू यायची, आणि त्या दिवसांत आमच्या घरात तेवढाच आवाज असायचा.

मी सुटीच्या दिवशी अप्पांबरोबर फार्मवर जायची. अम्माला ते पसंत नव्हतं, तरी घरातल्या त्या शांततेपेक्षा मला फार्म बरा वाटायचा. तिथे गवत कापायला मारियायी नावाची बाई होती. चाळिशीची, काटक, नवरा वारलेला, पलीकडच्या वस्तीत एकटी राहणारी. तिच्याकडे एकच गाय होती, उंबळाचेरीच, जरा जास्तच लहान चणीची. तिचं नाव चिट्टू, म्हणजे चिमणी. मारियायी गवताचा भारा बांधताना चिट्टूशी बोलायची आणि चिट्टू मान हलवायची. मला वाटायचं, दोघी एकमेकींना उत्तरं देतायत.

वळू आला तो मी दहावीत होते त्या वर्षी. मद्रासच्या मोठ्या साहेबांना अप्पांची निवडीची पद्धत फार सावकाश वाटत होती. त्यांनी डोंगरातल्या एका फार्मवरून अर्ध्या परदेशी रक्ताचा वळू पाठवला. ट्रकमधून तो उतरला तेव्हा गडी दोन पावलं मागे सरले. बदामी रंग, खांबासारखे पाय, आमच्या दोन गाई शेजारी उभ्या केल्या तरी त्याच्या पाठीपेक्षा अरुंद. गड्यांनी त्याचं नाव मलैयन ठेवलं, म्हणजे डोंगरावरचा. याचा संकर एका पिढीत मांस दुप्पट करील, असं साहेबांचं म्हणणं होतं. अप्पांनी लिहून कळवलं की आमच्या गाई लहान आहेत, पहिलटकरणींना हा वळू नको, आणि ह्याला आमचं ऊन आणि चिखलही सोसणार नाही. उत्तर आलं की काम सुरू करावं. अप्पांनी सही केली. ही सही ते नंतर कधी विसरले नाहीत, म्हणून ती इथे सांगते आहे.

मलैयन स्वभावाने गरीब होता. चैत्रातल्या उन्हात तोंड उघडं टाकून तो सावलीत उभा राहायचा, बरगड्या भात्यासारख्या हलायच्या. चिखलाने त्याचे खूर मऊ पडून सडायला लागले. अप्पा रोज दुपारी त्याचे खूर धुऊन औषध लावायचे आणि तो त्यांच्या खांद्यावर जड डोकं टेकून उभा राहायचा. केळीची सालं तो माझ्या हातून खायचा, खरखरीत जिभेने तळवा चाटायचा. अप्पांचा त्याच्यावर जीव होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे लोकांनी म्हटलं की त्यांना त्या वळूचा पहिल्यापासून द्वेष होता.

वस्तीतल्या लोकांनी आपल्या गाई आणाव्यात असं सांगण्यात आलं. मारियायी चिट्टूला घेऊन आली तेव्हा मी तिथेच होते. चिट्टू तोवर एकदाही व्यायली नव्हती. मारियायीने मलैयनकडे पाहिलं, मग चिट्टूकडे.

"डॉक्टरय्या, माझी लहान आहे. तिला झेपेल का?"

अप्पांनी ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. तिथे साहेबांचा माणूस कागद घेऊन उभा होता. मग ते म्हणाले, "झेपेल. मी आहे ना."

नऊ महिने काही घडलं नाही. चिट्टूचं पोट दोन्ही बाजूंना घागरीसारखं बाहेर आलं. ती चालायला लागली की मारियायी हसायची, पण अप्पा तिच्याकडे बघताना हसत नसत.

पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुटीत एका सकाळी आम्ही फार्मवर पोचलो तेव्हा मारियायी फाटकाशी उभी होती. चिट्टू पहाटेपासून अडली होती. आम्ही तिघं वस्तीकडे धावलो. झोपडीशेजारच्या माडाखाली चिट्टू आडवी पडलेली, डोळे फिरलेले, मागून वासराचा एकच खूर बाहेर. अप्पांनी शर्टाच्या बाह्या सारल्या, हाताला साबण चोळला आणि आत घातला, पण मनगटाच्या वर हात जाईना. अप्पांचे हात मोठे होते. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. चिट्टू प्रत्येक वेळी ओरडत होती आणि मारियायी तिचं डोकं मांडीवर घेऊन "माझी आई, माझी आई," म्हणत होती. ती उठली असती तर चिट्टूने धडपड केली असती, म्हणून तिला उठता येत नव्हतं.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "सरस, हात धू. कोपरापर्यंत."

मी धुतला. त्यांनी माझी नखं आपल्या वस्तऱ्याने तिथेच कापली. मग ते माझ्यामागे बसून बोलत राहिले आणि मी ते सांगतील तसं करत गेले. आत विलक्षण ऊब होती, आणि मध्येच सगळं आवळून येई तेव्हा वाटायचं हाताचं हाड मोडणार. "डोकं लागलं का?" लागलं. "त्यास मागे लोट. हळू. आता खाली जा, दुसरा पाय दुमडलेला असेल." होता. "खूर तुझ्या मुठीत धर, पूर्ण झाक. उघडा राहिला तर आत फाडेल. आता ओढ." मी ओढला. किती वेळ गेला कळलं नाही. माझा खांदा बधिर झाला, तेव्हा तो पाय सरळ झाला आणि अप्पांनी दिलेला दोरीचा फास मी त्यात अडकवला. मग अप्पा आणि वस्तीतले दोघे मिळून, चिट्टू कळ देईल तसतसे, ओढत राहिले. उन्हं डोक्यावर आली तेव्हा वासरू बाहेर पडलं. गोऱ्हा होता, तांबडा, जिवंत, आणि इतका मोठा की मारियायीने त्याच्याकडे पाहून तोंडावर पदर धरला. एवढं मोठं एवढ्याशा गाईतून आलं, हे आम्हा कोणालाच खरं वाटत नव्हतं.

चिट्टू मात्र उठली नाही. मागचे पाय बेडकासारखे पसरले होते, त्यांत जोरच नव्हता. आतल्या नसा चिरडल्या होत्या. तीन दिवस अप्पांनी सगळं केलं. इंजेक्शनं दिली, पोटाखालून गोणपाट घालून बांबूंनी तिला उभं केलं, दर दोन तासांनी कूस बदलली. ती चारा खायची, वासराला चाटायची आणि उभी केली की पुन्हा कोसळायची. चौथ्या दिवशी कुशीवर जखमा झाल्या आणि माश्या बसू लागल्या. त्या दुपारी आम्ही गेलो तेव्हा माडाखाली काशीम रावुत्तर बसले होते. मारियायीने त्यांना बोलावलं होतं.

अप्पा म्हणाले, "मारियायी, तिला मी पुरतो. मीठ घालून नीट पुरतो. तुझं नुकसान मी देतो."

मारियायी उभी राहिली. ती अप्पांसमोर कधी आवाज चढवून बोलली नव्हती, तेव्हाही नाही. "दोन वर्षं तुम्हीच आम्हाला शिकवत होता, अय्या. जनावराची शेवटची किंमत मांसात असते, त्याची लाज वाटून घेऊ नका, असं. आता तुम्हाला लाज वाटते का?"

रावुत्तर जमिनीकडे पाहत होते. ते हळूच म्हणाले, "डॉक्टर, ती त्रासात आहे. मी लवकर करीन. पण तुमचा कागद लागेल."

आमच्याकडे कायद्याने गाय तशी कापता येत नाही. ती कामाच्या आणि वेताच्या उपयोगाची उरली नाही असं सरकारी पशुवैद्याने लिहून द्यावं लागतं. अप्पांनी पिशवीतून छापील कागद काढला, मांडीवर ठेवून भरला आणि सही केली. मारियायी चिट्टूच्या कानात काहीतरी बोलली आणि झोपडीत गेली. हातगाडी येईपर्यंत ती बाहेर आली नाही. वासरू आत तिच्यापाशी हंबरत होतं. परतताना बसमध्ये अप्पा एवढंच म्हणाले, "मी तिला झेपेल म्हणून सांगितलं."

घरी आल्यावर त्यांनी अम्माला सगळं सांगितलं, सहीसकट. अम्मा ऐकून घेऊन म्हणाली, "मग आता?" अप्पा म्हणाले, "अजून दोन गाई ह्याच वळूच्या गाभण आहेत. आणि पुढच्या महिन्यात वीस आणायच्या असा हुकूम आहे."

पंधरा दिवसांनी मी दुपारचा डबा घेऊन फार्मवर गेले. गडी जेवायला गेले होते. मलैयन खोड्यात उभा होता, खोडा म्हणजे जनावराला धरून ठेवायची लाकडी चौकट. अप्पा त्याच्या पाठीवर हात फिरवत उभे होते आणि शेजारी जमिनीवर लांब दांड्यांचा लोखंडी चिमटा होता. तो कशाचा हे मला ठाऊक होतं. गोऱ्हे खच्ची करताना मी तो पाहिला होता.

"सरस, त्याची वेसण धर. वर धर, मान उचललेली असू दे. त्याच्याशी बोल."

मी विचारलं नाही. का विचारलं नाही, हे मी पुढे आयुष्यभर स्वतःला विचारत आले. मी वेसण धरली आणि मलैयनशी मारियायी चिट्टूशी बोलायची तसं बोलले. त्याने माझ्या हाताला केळीची सालं हुंगली. मग एकदा आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा, आणि त्याचं सगळं अंग माझ्यावर आलं. मी भिंतीवर आदळले, पण वेसण सोडली नाही. दुसऱ्यांदा आवाज आला. मलैयन ओरडला नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि अप्पांच्याही. "घरी जा," ते म्हणाले. "डबा राहू दे."

दुसऱ्या दिवशी सूज दिसली आणि गड्यांपैकी कोणीतरी वर कळवलं. चौकशीला आलेले अधिकारी भले गृहस्थ होते. रविवारी सकाळी ते आमच्या घरीच आले, पुढच्या खोलीत बसले, अम्माची कॉफी प्याले. अप्पा मागे विहिरीवर होते. "बघा अम्मा," ते तमिळमध्ये म्हणाले, "वळू तारेच्या कुंपणात अडकला असेल. असं होतं. डॉक्टर त्या दिवशी फार्मवर नव्हते असं कोणी म्हटलं, तर माझं काम सोपं होईल." आणि ते माझ्याकडे पाहून हसले.

अम्माने माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी तिने मला पढवलं होतं. तिला अप्पांचं काम पाप वाटत होतं, तरी अप्पांची नोकरी जावी असं तिला वाटत नव्हतं. मी म्हणाले, "अप्पा त्या दिवशी घरीच होते. त्यांस ताप होता. मी त्यांस भात आणि रसम दिलं." मी ते फार चांगलं बोलले. कपाळावर ओली पट्टी ठेवल्याचंही सांगितलं, जे अम्माने शिकवलं नव्हतं.

अप्पा ओल्या केसांनी दारात उभे होते. ते केव्हा आले, कोणाच्या लक्षात आलं नाही.

"ती खोटं बोलते आहे," ते म्हणाले. "मी फार्मवरच होतो. चिमटा मी लावला. मी एकटाच होतो, दुसरं कोणी नव्हतं."

अधिकाऱ्यांनी कप खाली ठेवला. अम्मा भिंतीला टेकली. आणि मी त्या खोलीत उभी होते, एका परक्या माणसासमोर खोटी पडलेली, ज्यांच्यासाठी खोटं बोलले त्यांनीच खोटी पाडलेली. मला त्यांचा इतका राग आला की पुढचे तीन आठवडे मी त्यांच्याशी बोलले नाही. ह्या रागात एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. अप्पांना बडतर्फ केलं नाही. पगारवाढ रोखली आणि दक्षिणेकडे, कोरड्या मुलखातल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात बदली केली. त्यांनी निवडलेल्या गाई वाटून टाकल्या गेल्या आणि ते काम तिथेच संपलं. मलैयनला लिलावात काढलं. गाभण असलेल्या दोन गाईंपैकी एकीचं वासरू मेलं. दुसरी मात्र सुखरूप व्यायली. ती अंगाने मोठी होती, तिसऱ्या वेताची. तिचा गोऱ्हा वर्षाचा असताना एवढा भरला की मालक गावभर दाखवत फिरला. म्हणजे साहेबांचं अगदीच चुकलं नव्हतं. नीट निवडलेल्या मोठ्या गाई असत्या, थोडा धीर असता, तर काही निघालंही असतं. अप्पांना हे कळत नव्हतं असं नाही. त्या दुपारी खोड्यापाशी त्यांच्यातला डॉक्टर किती होता आणि अपराधी माणूस किती, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. मारियायीने चिट्टूचा गोऱ्हा बाटलीने वाढवला. उन्हाळ्यात ती त्याच्यावर दिवसातून चारदा पाणी ओतायची. पहिला उन्हाळा त्याने काढला, दुसरा काढला नाही.

अम्मा अप्पांबरोबर गेली नाही. माझी परीक्षा आहे, असं सगळ्यांना सांगण्यात आलं. बदलीच्या दिवशी डबा घेऊन त्यांना जुन्या बसस्टँडवर पोचवायला मीच गेले. एक ट्रंक, एक वळकटी. खिडकीशी जागा मिळाली आणि मी खाली उभी राहिले. तीन आठवड्यांचं न बोलणं आमच्यामध्ये होतं. गाडी सुटायला वेळ होता. केळीवाला ओरडून ओरडून थकून शेजारी बसला होता.

"तुज अजून राग आहे," अप्पा म्हणाले.

"हो."

"असू दे."

मग ती गोष्ट एकदम माझ्या ध्यानात आली. मी म्हणाले, "तुम्हीपण खोटं बोललात. एकटा होतो म्हणालात. वेसण मी धरली होती."

खिडकीच्या गजावर त्यांचे ते मोठे हात होते.

"चिट्टूच्या वेळी तुझा हात मागितला, त्यास दुसरा इलाज नव्हता," ते म्हणाले. "त्या दुपारी होता. मी गडी येईपर्यंत थांबू शकलो असतो, किंवा अजिबात करू नये असं ठरवू शकलो असतो. तू आलीस आणि मज वाटलं, आता होईल. वेसण धर म्हणून तुज सांगायला नको होतं, सरस."

कंडक्टरने शिट्टी वाजवली. मी टाचा उंचावून डबा खिडकीतून आत दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेऊन मांडीवर ठेवला. बस फाटकाबाहेर वळेपर्यंत मी तिथे उभी होते.

घरी आले तेव्हा अम्मा पुढच्या पायरीवर बसली होती. एरवी ती तिथे कधी बसत नसे.

"डबा घेतला का?"

"घेतला."

"दहीभात वेगळा बांधलाय, खाली आहे, सांगितलंस का?"

मी सांगायचं विसरले होते. "सांगितलं," मी म्हणाले.

"वाटेत जेवतील ना?"

मला ठाऊक नव्हतं. "जेवतील," मी म्हणाले, आणि तिच्याशेजारी पायरीवर बसले.